भरल्या बॅटरीचा उतार

पहिलंच सांगून ठिवतो. चौतीस वर्षं एसटी चालवली, एकदाबी गाडी कुठं घासली न्हाई. डेपोत जाऊन इचारा, तात्याबा ड्रायव्हर म्हणलं की आजबी जुनी माणसं मान डोलवतील. आन आता बासष्टाव्या वर्षी उजव्या हाताला प्लास्टर घालून खाटंवर बसलोय, ते एका चाकावरनं पडून. पडलो म्हणण्यापरीस पाडून घेतलं म्हणा. कसं ते नीट सांगतो, न्हाईतर तुमी म्हणताल म्हाताऱ्याला चळ लागला.

चाक माझं न्हाई, माझ्या पोराचं हाय, आदिनाथचं. तो पुण्याला गाड्यांच्या बॅटऱ्या करणाऱ्या कंपनीत इंजिनियर हाय. लग्नाच्या आधी खोलीवरनं कंपनीत जायला त्यानं हे घेतलं व्हतं. एकच चाक, बरं का. मधी टायर, दोन्ही अंगाला पाय ठिवायला दोन पट्ट्या, आत मोटर आन बॅटरी. हँडल न्हाई, सीट न्हाई, ब्रेकचं पायडल न्हाई. पुढं झुकलं की पळतं, मागं झुकलं की थांबतं. लग्न झाल्यावर सोसायटीतल्या लोकांनी कटकट केली, सूनबाई रोहिणीनंबी डोळे वटारले, आन ह्या दिवाळीला ते चाक गाडीच्या डिकीत बसून आमच्या वस्तीवर आलं. म्हणला, दादा, तिथं नुसतं धूळ खातंय, इथं राहू द्या. म्हणलं, इथं धुळीला काय तोटा हाय?

पण त्यानं मला ते शिकवलं. तीन दिवस खळ्यावर मी त्या पट्ट्यांवर उभा राहायचो आन तो माझा हात धरून शेजारनं पळायचा. खाली बघू नका, लांब बघा, म्हणायचा. तो सात वर्षांचा असताना सायकल शिकवताना मीच त्याला हे बोललेलो व्हतो. आता तो बत्तीसचा. एवढ्या मोठ्या पोरानं बापाचा हात कवा धरला व्हता, मला आठवत न्हाई. खरं सांगायचं तर मला दुसऱ्या दिवशी दुपारीच जमलं व्हतं. तिसऱ्या दिवशी मी न जमल्यावाणी केलं. हे अजून कुणाला सांगितलं न्हाई, तुमालाच सांगतोय.

जाताना त्यानं माझ्या मोबाईलमधी ॲप टाकलं आन चाकाचा वेग बाराला बांधला. ताशी बारा किलोमीटर! पन्नास-साठ माणसांचा जीव घेऊन घाट उतरलेल्या माणसाला बारा. एसटीलाबी स्पीड लॉक असतं, पण त्याला काही लाजलज्जा असती. बाराच्या पुढं गेलं की हे चाक टीं टीं बोंबलतं. तरीबी ऐकलं न्हाई तर पट्ट्यांची पुढली कड वर उचलतं, पायाची बोटं वर जातात आन माणूस आपसूक मागं झुकतो. मी म्हणलं, मी काय कुकुलं बाळ हाय का? तर म्हणला, दादा, इथं पडलात तर उचलायला कोण हाय? तेवढं मात्र खरं बोलला.

आमची वस्ती शिरूर कासार तालुक्यात, माळावर. दिवाळी सरली की ट्रक-ट्रॅक्टर लागतात आन सगळी ऊसतोडीला जातात, कोण सांगलीकडं, कोण पार कर्नाटकात. मागं नुसती कुलपं राहतात. ह्या साली मागं राहिलो मी, आन उताराच्या वळणावर मुक्ताबाई, आन तिच्या दोन शेळ्या. मुक्ताबाई सत्तरीची. ती मला भावजी म्हणती, मी तिला वहिनी म्हणतो, रक्ताचं नातं काही न्हाई. तिचा बिभीषण आन सून कोयता घेऊन गेलते. माझी कौशल्या जाऊन दोन वर्षं झाली. संसाराच्या गाडीला दोन चाकं लागतात म्हणं. आमचं एक गेलं आन पोरानं हे एक आणून दिलं.

मुक्ताबाई रोज दिवस मावळायला आला की बिभीषणला फोन लावती. फोनमधी नंबर एकच, हिरवं बटण दाबलं की झालं. आन पहिलं वाक्य वरडून, कवा येतो रे? कारखान्याचा पट्टा पडल्याबिगर, म्हंजे हंगाम सरल्याबिगर तो येत न्हाई, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाव हाय. चाळीस वर्षं तिनं सोता ऊस तोडलाय. एकदा मी म्हणलं, वहिनी, रोज तेच कावून इचारता? तर म्हणली, इचारल्यानं काय जीभ झिजती का?

माझं तसं न्हाई. एसटीत बेल कंडक्टरनं द्यायची असती. एक बेल दिली की थांबायचं, दोन दिल्या की चलायचं. ड्रायव्हरनं सोता ठरवायचं न्हाई, बेलची वाट बघायची. घरातबी तसंच व्हतं. पोराला फोन लावायची ती कौशल्या. सगळं बोलून झालं की फोन माझ्या हातात द्यायची, मी "बरंय का? बरंय" म्हणून परत तिच्याकडं. ती गेल्यावर फोन आला तर मी उचलायचो, पण सोता कवाच लावला न्हाई. पोरगं मिटिंगमधी असतंय, त्याला नाहक कशाला तरास, असं म्हणायचो. ही सबब व्हती. लावला तर बोलायचं काय, हेच मला ठाव नव्हतं.

म्हणून मग ते चाक. रोज चारला निघायचो, वस्तीवरनं फाट्यापर्यंत आन परत, आठ किलोमीटर. आदी म्हणला व्हता, पुण्याच्या रस्त्यावर एका चार्जिंगला चाळीस किलोमीटर जातं. पुण्याचं पुण्यात. आमचे खड्डे, येताना चढ, आन माझं ऐंशी किलोचं धूड, पंचवीसच्या पुढं त्याची माय मरती. थंडी पडली की आणखी दोन-तीन कमी. डेपोत डिझेलच्या ॲव्हरेजमधी माझं नाव फळ्यावर पहिलं असायचं, त्यामुळं मला त्या टक्क्यांचं याडच लागलं. आन हे सगळं ॲपमधनं तिकडं आदीला दिसायचं. कुठं गेलो, किती वेगानं गेलो, किती टक्के उरले. पहिल्या हप्त्यात त्यानं लिवलं, "छान दादा." दुसऱ्या हप्त्यात नुसता अंगठा. मग अंगठाबी बंद झाला.

एका दिवशी फाट्याच्या अलीकडं कुत्रं मागं लागलं. मी घाबरून पुढं झुकलो, चाक तीनदा बोंबललं, बोटं वर उचलली, कसाबसा सुटलो. घरी येऊन चहा टाकला तवर फोन वाजला. आदी! आधी वाटलं काहीतरी इपरीत झालं. तर म्हणला, दादा, आज तीनदा स्पीडचा अलार्म आला, काय झालं? चाकानं इथं अलार्म दिला की तिकडं त्याच्या मोबाईलवरबी टुंग वाजतं, हे मला तवा कळलं. मी कुत्र्याचं सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून सांगितलं. तो हसला. नऊ मिनिटं बोललो आमी. कौशल्या गेल्यापासनं एवढं बोलणं झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुत्रं नव्हतं. तरी मी बाराच्या पुढं झुकलो.

आता काय ते म्हणा मला. जिंदगीभर एका ओव्हरस्पीडची नोंद न्हाई अशा माणसानं पोराचा फोन यावा म्हणून मुद्दाम अलार्म वाजवला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण फोन आला. म्हणलं, उतारामुळं झालं असंल. तिसऱ्या दिवशी म्हणलं, वारा मागनं व्हता. रोज एक थाप. आठ-दहा दिवस लई मजेत गेले. चारच्या जागी तीनलाच निघायची घाई व्हायची आन साडेपाचला मोबाईल समोर ठिवून बसायचो.

मग त्यानं इलाज केला. इंजिनियरच तो. म्हणला, दादा, तुमी सारखे बाराला टेकताय, म्हंजे बारा कमी पडतंय. आता तुमाला चालवता येतंय, मी वीस करतो. आन तिथनंच बसल्या बसल्या वीस केलं.  बाराला बांधलं तवा मीच थयथयाट केलता. आता वीसवर सोडलं तर माझा फोनच गेला. अलार्म वाजवायचा तर वीसच्या पुढं जायचं, आन आमच्या रस्त्यावर सतरालाच डोळ्यांतनं पाणी येतं. मुक्ताबाईनं अंगणातनं बघितलं आन वरडली, भावजी, मरायचं असलं तर माझ्या दारात नगा मरू. मी गपगुमान बारावर आलो. मोबाईल पाच दिवस मुका.

सहाव्या दिवशी आपसूकच सापडलं. दोन दिवस लाईट नव्हती, चार्जिंग झालं न्हाई, तसाच निघालो. येताना बॅटरी पंचवीस टक्क्यांच्या खाली गेली आन चाक दहालाच बोंबलाय लागलं, मग आठला. बॅटरी उतरली की तिच्यात दम राहत न्हाई, म्हणून चाक आपला आपण वेग कमी बांधून घेतं. वीस सांगा का तीस सांगा, ते ऐकत न्हाई. शेवटी चढावर त्यानं मला पार खालीच उतरवलं, आन मी ते हातानं ओढत वस्तीवर आणलं. दमानं छाती भरली व्हती, तरी मनात खूश. फोन आलाच. म्हणला, दादा, एवढी उतरेपर्यंत चालवू नका, चार्ज करून निघत जा. म्हणलं, बरं.

आन इथं माझ्यातला ड्रायव्हर आडवा आला. डेपोचा नेम असतो, टाकी फुल केल्याबिगर गाडी गेटच्या भाईर काढायची न्हाई. आदीनं दिवाळीत ऐंशी टक्क्यांवर पिन काढायला सांगितलं व्हतं, तवर तेच पाळत व्हतो. कावून ते सांगितलं नसंल, का सांगितलं असंल आन मी ऐकलं नसंल. चार्जिंग म्हणला ना, मग मी शंभर केलं. अर्धवट टाकी घेऊन निघणाऱ्या ड्रायव्हरला आमी हसायचो. तर वस्तीच्या भाईर पडलो, उतार लागला, दहाच्या वेगानं अगदी सांभाळून चाललो व्हतो, आन चाक एकदम किंचाळायला लागलं. बोटं वर. मी उडी टाकली म्हणून वाचलो.

त्या संध्याकाळी आदी वीस मिनिटं बोलला. वीस! त्यानं मला समजावून सांगितलं. ह्या चाकाला ब्रेक नसतो. उतारावर मोटर उलटी वीज तयार करती, ती वीज बॅटरीत परत भरती, आन त्यानंच वेग धरून राहतो. पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असली तर ती वीज जाणार कुठं? मग चाक आधी वरडतं, मग पाय उचलतं, आन तरीबी माणूस उतरला न्हाई तर सोताला वाचवायला खटकन बंद पडतं. मी म्हणलं, हे आमच्या घाटातल्या गियरवाणी झालं, इंजिनानं गाडी धरायची. तर म्हणला, हा दादा, अगदी तसंच. मग आमचं घाटावरनं चाललं, कोणत्या घाटात कोणता गियर, त्याच्या लहानपणी त्याला मी बोनेटशेजारी बसवून न्यायचो ते. त्यालाबी सगळं ध्यानात व्हतं. फोन ठिवताना एवढंच म्हणला, फुल चार्जवर उतार उतरायचा न्हाई, दादा, लई वाईट पडताल. म्हणलं, कबूल.

कबूल केलं ते पाळलं. ऐंशीवर पिन काढायची, बारानं जायचं, बारानं यायचं. शहाण्यावाणी वागलो की काय व्हतं ते कळलं. दोन हप्ते फोन न्हाई. आठ किलोमीटर जायचो, वाटंत एक माणूस भेटायचं न्हाई, आन घरी आल्यावर कौशल्याच्या फोटूसमोर टक्के सांगायचो. आज अठ्ठेचाळीस उरले. आज थंडी व्हती, पंचेचाळीस. ती बिचारी काय बोलणार? माणसानं माणसाशी बोलावं असं लई वाटायचं. 

मग संक्रांत आली. संक्रांतीला आदीचा फोन ठरलेला. कौशल्या व्हती तवा तिला, ती गेल्यावर मागच्या साली मला. तिळगूळ घ्या गोड बोला, एवढंच, पण त्याच्या आवाजात. मी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसलो. नऊ वाजले, दहा वाजले. साडेदहाला मोबाईल वाजला, टुंग. बघतो तर तिळगुळाच्या वाटीचा फोटो. खाली कुणाच्या तरी दुकानाचं नाव. दहा ठिकाणांहून फिरून आलेला फोटो माझ्या पोरानं बापाला पुढं ढकलला व्हता.

मला असा राग आला. तो फोटो मी चारदा उघडला आन चारदा मिटला. मग उठलो आन चाकाला पिन लावली. पिनंचा दिवा लाल व्हता तो हिरवा झाला, ॲपमधी शंभर दिसलं, तरी अर्धा तास तशीच ठिवली. मी काय करतोय ते मला पुरतं ठाव व्हतं. अलार्म वाजला की उडी मारायची, एवढंच ठरवलं व्हतं. दुपारी तीनला चाक उताराच्या तोंडाशी नेलं आन वर चढलो.

पन्नास पावलांवर ते बोंबलाय लागलं. मी उडी मारली न्हाई. मनात आलं, एका अलार्मनं कुठं फोन येतोय, वाजू दे अजून थोडं. बोटं वर उचलली. मी मागं झुकलो, म्हंजे आणखी ब्रेक, आणखी वीज, तिला जायला जागा न्हाई. मुक्ताबाईच्या वळणावर ते खटकन बंद पडलं. पायाखाली काही राहिलंच न्हाई. मी खडीवर तोंडघशी, उजवा हात अंगाखाली. हाडाचा आवाज मला सोताला ऐकू आला. चाक घरंगळत जाऊन तिच्या अंगणाच्या कडंच्या बाभळीच्या कुपाटीत अडकलं.

आन मी काय केलं माहीत हाय का? डाव्या हातानं खिशातला मोबाईल काढून बघितला, फुटला तर न्हाई ना. फुटला नव्हता. तिथंच मातीत पडून वाट बघत राहिलो, आता वाजंल, आता वाजंल. मुक्ताबाई काठी टेकत आली, तिनं मला बसतं केलं, अंगणात नेलं, हळद लावून लुगड्याच्या धडप्यानं हात गळ्यात बांधला.  

सहाच्या आसपास फोन वाजला. "दादा, आत्ता बघितलं, दिवसभर मिटिंगा होत्या. आज परत ओव्हरचार्जचा अलार्म आहे. बरे आहात ना?"

ह्याच्यासाठी तर मी सगळं केलं व्हतं. तोंड उघडलं आन त्यातनं काय आलं? "बरंय." म्हणलं, काही न्हाई झालं, जरासक वाजलं, मी उतरलो. चौतीस वर्षं डेपोत गाडी लावताना हेच बोललो, गाडी बरी हाय. जिभेला दुसरं वळणच न्हाई. आदीनं सुस्कारा टाकला. म्हणला, मग ठीक. दादा, एक करतो, हे अलार्म माझ्याकडं यायचे बंद करतो, मिटिंगमधी सारखं वाजतं आन जीव घाबरा होतो. तुमाला आता सगळं येतंय. तिळगूळ घ्या, गोड बोला. मी म्हणलं, बरं. फोन बंद झाला.

मुक्ताबाई समोर शेळीला पाला टाकत व्हती. हात थांबला तिचा.

"हात लोंबतोय आन बरंय म्हणता," ती म्हणली. "भावजी, लेकाला ये म्हणायचं असतं. ते तुमी त्या चाकाला बोलाय लावता व्हय?"

मला वाटलं व्हतं कुणाला कळलं न्हाई. त्या बाईनं अंगणात बसून रोज बघितलं व्हतं, मी बारावर कवा झुकतो, वीसवर कवा झुकतो, आन नंतर मोबाईल हातात घेऊन कसा बसतो. मला रडायला आलं. हात दुखत व्हता म्हणून असं म्हणता येईल, पण हातासाठी न्हाई आलं. ती आत गेली आन चहा ठिवला, माझ्याकडं बघितलं न्हाई, हे तिचे उपकार. मग मी डाव्या अंगठ्यानं आदीचं नाव शोधलं आन दाबलं. कोण बेल देणार नव्हतं.

दुसऱ्या रिंगलाच उचलला. "दादा? काय झालं? तुमी कवा फोन करत न्हाई." घाबरल्यावर त्याच्या तोंडात वस्तीची बोली आली.

म्हणलं, "आदी, हात मोडलाय. पण हातासाठी फोन न्हाई केला. घरात बोलायला कोण न्हाई रे. तू ये."

  मला वाटलं आता रागवंल, न्हाई तर रडंल. पोरगं कुणाचं? माझंच. त्यानं इचारलं, "चाक किती टक्के हाय?"

मी मुक्ताबाईला कुपाटीतनं चाक काढायला लावलं. एक पट्टी वाकली व्हती, पण बटण दाबल्यावर चालू झालं. म्हणलं, शंभर. तर म्हणला, भरलेली बॅटरी तशीच उभी ठिवू नका, दादा, आतनं खराब व्हती. चालवून निम्म्यावर आणावी लागती. मी शनिवारी येतो आन चालवतो.  मी म्हणलं, ये. आन त्यानं तिथनंच शिरूरला कुणाला तरी लावून जीप धाडली, डॉक्टरशी सोता बोलला, रात्री दहाच्या आत मला प्लास्टर झालं. वंगाळ न्हाई माझं पोरगं, हे ध्यानात ठिवा.

शनिवारी तो आला न्हाई. कंपनीत भाईरचे साहेब तपासणीला आलते. सकाळी फोन करून म्हणला, दादा, गाडी पाठवतो, तुमीच इकडं या महिनाभर. मागं एकदा गेलतो मी. सातव्या मजल्यावर दिवसभर दार लावून बसायचं आन दोघं रातच्याला दमून येणार. तिथंबी वाटच बघायची असली तर इथं निदान शेळ्या दिसतात. म्हणलं, मी न्हाई येत, चाकाची बॅटरी कोण उतरवणार? तर त्यालाबी इलाज तयार.

"त्याला मी नाही आलो तरी चालेल, दादा," तो म्हणला. "हेडलाईट लावून ठेवा. तीन-चार दिवसात बॅटरी आपोआप निम्म्यावर येईल. मी पुढच्या शनिवारी नक्की बघतो."

इलाज बरोबर हाय. बटण माझ्या हाताच्या अंतरावर हाय, डाव्या हातानंबी दाबता येतं. पूर्वीचा मी असतो तर बरं म्हणून फोन ठिवला असता.

म्हणलं, "दिवा लावत न्हाई मी. तू ये."

 आन मी फोन ठिवला न्हाई. मग तो म्हणला, "बरं."

आज मंगळवार. मुक्ताबाई सकाळी शेळीचं दूध देऊन गेली, दुपारी भाकरी देईल. ती तिच्या अंगणातनं बिभीषणला फोन लावती त्याच येळंला आता मीबी सोता आदीला लावतो. पहिलं तेच इचारतो, कवा येतो रे? शनिवारी म्हणतो. मग फोन ठिवून चाकाचं बटण दाबून बघतो. त्या बघण्यानंबी थोडी उतरत असंल, म्हणून लगेच बंद करतो. अठ्ठ्याण्णव हाय.